शेजारच्या सीटवरचा ब्रेक

मास्तरांचा उजवा पाय पहिल्यांदा फितूर झाला तो एका सरळ, रिकाम्या रस्त्यावर. गाडी चालवत होती बेकरीवाली. बाई धीराची, हात हलका, तिसऱ्या गिअरमध्ये छान चालली होती. शेजारच्या सीटवर मास्तर, आणि त्यांच्या पायाशी शिकवणाऱ्यासाठी वेगळा बसवलेला ब्रेक. ड्रायव्हिंग स्कूलच्या गाडीत तो असतोच. शिकणाऱ्याने घोळ घातला की शेजारच्याने दाबायचा. त्या दिवशी कुणीच घोळ घातला नव्हता. पण मास्तरांचा पाय मांडीपासून काठीसारखा ताठ झाला, ब्रेकवर गच्च रोवला गेला, आणि गाडी रस्त्याच्या मधोमध गचका देऊन उभी राहिली.

आपणच काहीतरी भलतं दाबलं असं वाटून बेकरीवालीने माफी मागितली. मास्तर म्हणाले, होतं असं कधीकधी, चला, पहिला टाका. हे अगदी खोटं नव्हतं, पण खरंही नव्हतं, आणि उरलेला रस्ताभर ते त्यांना खड्यासारखं टोचत राहिलं.

त्यांना सगळे 'सावकाश मास्तर' म्हणत. इतर स्कूलांमधले शिक्षक डॅशबोर्डवर हात आपटत, शिकणाऱ्याच्या सात पिढ्यांचा उद्धार करत. मास्तर फक्त 'सावकाश' म्हणत. लांबवून म्हटलं की क्लच हळू सोडायचा, तुटक म्हटलं की आरशातून नजर काढून समोर बघायचं, आणि अगदी खालच्या आवाजात म्हटलं की शिकणाऱ्याच्या कपाळाला घाम फुटायचा. निम्म्या गावाला त्यांनी गाडी शिकवली होती, आणि इतक्या वर्षांत आपल्याकडचा ब्रेक फार क्वचित दाबला होता. त्यांचं म्हणणंच होतं, शेजारचा ब्रेक दाबायला नसतोच मुळी. तो आहे, एवढं शिकणाऱ्याला माहीत असलं की पुरतं.

तोच ब्रेक आता त्यांना न विचारता दाबला जाऊ लागला. दुसऱ्या खेपेला वळणावर गाडी अशीच थांबली आणि मागून येणारी दुधाची गाडी बंपरला येऊन टेकली. कुणाला खरचटलंही नाही. मास्तर लंगडत उतरले, पोचा पाहिला, दूधवाल्याची माफी मागितली. मग टपावरची स्कूलची पाटी सोडवून त्यांनी ती डिकीत ठेवली. शिकणाऱ्या पोराला त्यांनी मागे बसवलं आणि उजव्या पायाला हातांनी उचलून नीट ठेवत, जीव मुठीत धरून गाडी कशीबशी जवळच्या गॅरेजपर्यंत नेली. त्यानंतर ते स्टिअरिंगला शिवले नाहीत.

मज्जातंतूंच्या डॉक्टरीणबाई त्यांच्याच हाताखाली गाडी शिकलेल्या. चढावर गाडी मागे घसरवून त्यांनी एका घराच्या कुंड्यांची रांगच्या रांग आडवी केली होती आणि तिसऱ्या परीक्षेत एकदाच्या पास झाल्या होत्या. तपासण्या झाल्यावर त्यांनी आजाराचं नाव सांगितलं: मल्टिपल स्क्लेरॉसिस. विजेच्या वायरींवर जसं रबर असतं तसं मेंदूतून निघालेल्या नसांवरही असतं, आणि शरीराचे राखणदारच चोर समजून ते कुरतडतात. मग वरून निघालेला निरोप खाली पोचेपर्यंत कधी विरतो, कधी भलताच होऊन पोचतो. पूर्वी एकदा मास्तरांना एका डोळ्याने महिनाभर धूसर दिसत होतं. बायको चष्म्याच्या दुकानात कामाला, तिने भिंगांमागून भिंगं लावून पाहिली होती. मग आपोआप बरं वाटलं आणि दोघंही विसरून गेली. ती या आजाराची पहिली थाप होती.

मास्तरांनी सगळं ऐकून घेतलं आणि एकच विचारलं. "त्या सीटवर मला परत बसता येईल का?"

डॉक्टरीणबाईंनी पेनाचं टोपण काढलं, लावलं. "आत्ता नाही सांगता येणार, मास्तर."

घरी आल्यावर मास्तर पेपर वाचू लागले. पान उलटलं गेलं नाही हे मास्तरीणबाईंनी पाहिलं आणि चहा टाकला.

पुढच्या रविवारी मेहुणा आला. मास्तरीणबाईंचा हा धाकटा भाऊ म्हणजे उत्साहाचं उतू जाणारं पातेलं. जगातल्या प्रत्येक दुखण्याचा इलाज त्याच्या फोनमध्ये असे. या वेळी त्याने एक व्हिडिओ आणला होता. चाकांच्या खुर्चीतला एक माणूस, त्याच्या पाठीत एक सुई, मग तोच माणूस बागेत कुत्र्यामागे पळताना. स्टेम सेल, मेहुणा म्हणाला, आणि हा शब्द त्याने असा उच्चारला की जणू घरच्या झाडाचं फळ. व्हिडिओतल्या त्या दूरच्या दवाखान्यात फोन करून 'आम्ही येतोय' असं तो कळवूनही बसला होता. मास्तरांनी तो व्हिडिओ पुन्हा पुन्हा पाहिला. पळण्याकडे त्यांचं लक्ष नव्हतं. शेवटी तो माणूस एका गाडीत बसतो आणि निघून जातो, तेवढाच भाग ते मागे घेऊन बघत होते.

डॉक्टरीणबाईंकडे तिघंही गेली. मेहुण्याने व्हिडिओ लावला. त्यांनी तो पूर्ण पाहिला, मध्ये अडवलं नाही, आणि मग सांगायला बसल्या. स्टेम सेल या एकाच नावाखाली दोन वेगळ्या गोष्टी आहेत. एक खरी आणि मोठी. त्यात रोग्याच्याच रक्तातल्या बीजपेशी काढून गोठवून ठेवतात. मग कडक औषधांनी शरीरातले सगळे राखणदार एकदम बडतर्फ करतात आणि त्या पेशी परत सोडतात. त्यांच्यातून राखणदारांची नवी भरती होते, आणि वायरी कुरतडायची जुनी खोड बहुतेकदा तिला नसते. पण यात जिवाचा धोका असतो, आणि ज्यांचा आजार पुन्हा पुन्हा भडकतो, जे अजून सुरुवातीला आहेत, त्यांनाच त्याचा उपयोग. आग विझते, जळून गेलेलं घर त्याने परत उभं राहत नाही. मास्तरांच्या अंगात आता ज्वाळा नाहीत, झीज आहे. त्यांना त्या धोक्यातून नेण्यात अर्थ नाही. दुसरी गोष्ट व्हिडिओतल्या सुईची. तिच्यावर अजून अभ्यास चालू आहे, आणि हमखास बरं करतो म्हणणाऱ्यापासून लांब राहावं.

"पण तो माणूस पळत होता ना," मेहुणा म्हणाला.

"पळणाऱ्या माणसाला आधी खुर्चीत बसवणं काही अवघड नसतं," डॉक्टरीणबाई म्हणाल्या.

मेहुण्याने फोन खिशात घातला. बाहेर बाकावर डोक्यावर मखमलीसारखे बोटभर केस उगवलेली एक तरुण मुलगी बसली होती. तिच्यावर ती मोठी स्टेम सेलची खेप होऊन गेली होती. कित्येक आठवडे ती एका बंद खोलीत काढून आली होती, केस गेले, तोंड सोलून निघालं. पण त्यानंतर आजाराने डोकं वर काढलं नव्हतं. राखणदारांची भरती नवी, त्यामुळे त्यांना काहीच ठाऊक नाही. घटसर्प, डांग्या खोकला, धनुर्वात, सगळ्या लसी पहिल्यापासून. ती सांगत होती, लसीकरणाच्या रांगेत मी तान्ह्या बाळांमध्ये उभी असते. आया विचारतात, तुमचं बाळ कुठंय? मी म्हणते, मीच.

मास्तर डोळ्यांत पाणी येईपर्यंत हसले. तिचा हेवा वाटला नाही असं नाही. पण असा हसरा हेवा त्यांना पहिल्यांदाच वाटत होता.

मास्तरांसाठी डॉक्टरीणबाईंकडे दुसरं काही होतं. त्यांच्याच इस्पितळात एक अभ्यास चालला होता. पायाच्या वायरी कवटीखाली जिथून सुरू होतात, तिथे बाहेरून चुंबकाचं एक चकतीसारखं यंत्र धरायचं. ते टकटक करतं, आतल्या पेशी जाग्या होतात, आणि लगेच पायाचा व्यायाम घ्यायचा. काहींचा ताठरपणा त्याने काही काळ कमी होतो. एक गोम होती. निम्म्या लोकांना खरं यंत्र, निम्म्यांना नुसतं टकटक करणारं. कुणाला कुठलं, हे शेवटपर्यंत रोग्यालाही कळणार नाही आणि डॉक्टरांनाही नाही.

"म्हणजे ब्रेक जोडलाय की नाही, ते चालवणाऱ्याला सांगायचं नाही," मास्तर म्हणाले.

"अगदी बरोबर."

मास्तरांना ही कल्पना इतकी आवडली की त्यांनी तिथेच सही केली.

अडचण आली ती जाण्यायेण्याची. सुट्टीचे दिवस सोडून रोज सकाळी इस्पितळ गाठायचं, तेही कित्येक आठवडे. बसची पायरी मास्तरांच्या पायाला डोंगराएवढी. मेहुण्याने पहिला आठवडा मोठ्या उमेदीने आणलं-नेलं. दुसऱ्या आठवड्यात त्याला नेमकी सकाळचीच कामं निघू लागली. घरासमोर गाडी नुसती उभी. तिच्यावर धूळ आणि धुळीत कुणीतरी बोटाने काढलेलं मांजर.

"मी शिकते," मास्तरीणबाई म्हणाल्या.

मास्तरांनी ऐकलं नाही असं दाखवलं. त्यांच्या धंद्यात एक अलिखित नियम होता: नवऱ्याने बायकोला गाडी शिकवायची नाही, संसार मोडतो. म्हणून समोरच्या स्कूलवाल्याची बायको मास्तरांकडे शिकायची आणि मास्तरांची बायको समोरच्याकडे. लग्नानंतर मास्तरीणबाई गेल्याही होत्या एक दिवस. समोरच्याने डॅशबोर्डवर हात आपटला, तशा त्या गाडी थांबवून, दार नीट लावून, चालत घरी आल्या होत्या. त्यानंतर गाडीचं नाव काढलं नव्हतं.

"समोरच्याकडे जातेस?" मास्तरांनी शेवटी विचारलं.

"त्याच्याकडे नाही. तुमच्याकडे."

"संसार मोडेल."

"मोडला तर जोडणारी मीच आहे. रोज माणसांचे चष्मे जोडते, हे काय मोठं."

मास्तर दुसऱ्या दिवशी काठी टेकत गॅरेजमध्ये गेले. तिथल्या मेकॅनिकला त्यांनी आपल्या बाजूचा ब्रेक सोडवायला सांगितलं. पेडल जागच्या जागी राहू दे, पण त्याखालची तार काढून टाक. माझा पाय कधी बिघडेल याचा नेम नाही. भर रस्त्यात गाडी थांबली तर मागून कुणीतरी येऊन आदळेल. आणि हे माझ्या बायकोला कळता कामा नये. कळलं तर ती स्टिअरिंगला हातही लावणार नाही. मेकॅनिकने गळ्यावर हात ठेवून शपथ घेतली.

बंद पडलेल्या गिरणीमागच्या पटांगणावर शिकवणी सुरू झाली. मास्तर शेजारी बसत, दोन सीटच्या मधल्या हँडब्रेकवर सहज ठेवल्यासारखा हात ठेवत, आणि पाय पोटाशी घेतल्यासारखे मागे ओढून घेत. मास्तरीणबाईंची दुकानातली सवय गाडीतही सुटेना. समोर दिसेल ती पाटी त्या मोठ्याने वाचत. 'पुढे वळण', 'हळू जा', 'येथे जाहिरात लावू नये'. मास्तर म्हणत, अगं, डोळे शाबूत आहेत हे कळलं, आता हात-पाय दाखव. त्या म्हणत, अहो, तुम्ही गिऱ्हाइकाशी असं बोलता?

पहिल्या दिवशी भिंत जवळ आली तेव्हा त्यांनी "दाबा ना ब्रेक" म्हटलं. मास्तर म्हणाले, लागला तर दाबीन की, तुझा तू दाबून बघ. त्यांनी दाबला. गाडी भिंतीच्या अलीकडे थांबली. आठवडाभर त्या अधूनमधून तेच म्हणत राहिल्या. मग एके दिवशी ते म्हणणं बंद पडलं. मास्तरांना वाटलं, जमायला लागलं.

संसार मोडला नाही. एकदा गिअरवरून आणि एकदा कुणाच्या आईचं डोकं जास्त तापट यावरून भांडण झालं, तेवढंच. शिकाऊ परवाना संपायच्या आत त्यांनी परीक्षा दिली आणि पहिल्याच फटक्यात पास झाल्या. डॉक्टरीणबाईंच्या कानावर हे घालताना मास्तरांनी 'पहिल्याच' या शब्दावर जरा जास्तच जोर दिला. तोवर इस्पितळापर्यंत शेजारचे एक पेन्शनर आणत-नेत होते. आता मास्तरीणबाईंनी त्यांना रीतसर निरोप देऊन टाकला.

इस्पितळात मास्तरांना उंच पाठीच्या खुर्चीत बसवत. एक तंत्रज्ञ पोरगी डोक्याला ती चकती लावी, आणि टकटक सुरू होई. लाकडात सुतारपक्षी घुसावा तशी. पाय सैल ठेवायचा, एवढीच अट. पण एकदा औषधांची ढकलगाडी उतारावरून सुटल्यासारखी भिंतीकडे निघाली आणि मास्तरांचे दोन्ही पाय आपसूक जमिनीवर दाबले गेले. पडद्यावरची रेघ नाचली, सगळं पहिल्यापासून करावं लागलं. तंत्रज्ञ पोरगी म्हणाली, काका, इथे ब्रेक नाहीये. मास्तर म्हणाले, तरी थांबली ना ती? ढकलगाडी खरोखरच भिंतीपासून वीतभर अलीकडे थांबली होती. त्या दिवसापासून मास्तरांची खुर्ची भिंतीकडे तोंड करून ठेवू लागले.

टकटकीनंतर व्यायाम. मास्तर घाम गाळत, आणि मनातल्या मनात हिशेब करत: पाय हलका वाटतोय. म्हणजे आपलं यंत्र खरं. झटके रोज यायचे ते आता एखाद्या दिवशी चुकतही होते. परतीच्या वाटेवर ते हळूच पाय त्या सुट्या पेडलवर ठेवून बघत. ठेवायचा, उचलायचा. जमतंय. तार परत जोडायला मेकॅनिकला कधी सांगावं, एवढाच प्रश्न उरलाय असं त्यांना वाटू लागलं.

अभ्यास संपला आणि निकालाला दोघंही गेली. डॉक्टरीणबाईंनी आडपडदा ठेवला नाही. मास्तरांना नुसतं टकटक करणारं यंत्र लागलं होतं.

मास्तरीणबाईच आधी बोलल्या. "म्हणजे इतके दिवस आम्ही रोज पहाटे उठून सुतारपक्षी ऐकायला येत होतो?"

डॉक्टरीणबाई म्हणाल्या, पाय थोडा सुधारलाय हे खरं आहे, मापात दिसतंय. ते व्यायामाचं फळ, आणि थोडं मनाच्या उभारीचं. हवं असेल तर आता खरं यंत्र देऊ. त्याने आणखी फरक पडेल किंवा पडणारही नाही, आणि पडला तरी तो ओसरतो, पुन्हा पुन्हा यावं लागतं.

मास्तरांचे खांदे हलू लागले. बायकोला वाटलं रडताहेत, तिने हात धरला. ते हसत होते. "अगं," ते म्हणाले, "तुझ्या गाडीतही तेच होतं. माझ्याकडच्या ब्रेकची तार मी पहिल्या दिवसाआधीच काढून घेतली होती."

"माहीत आहे मला."

मास्तरांचं हसू जागीच थांबलं.

"तुमचा मेकॅनिक चष्म्याची दांडी बसवायला दुकानात आला होता. त्याच्या पोटात काय राहतंय? पहिल्याच आठवड्यात ओकून गेला."

"मग गप्प का बसलीस?"

"उतरूनच जाणार होते," त्या म्हणाल्या. "पण म्हटलं, ज्याच्याकडे ब्रेक नाही तो माणूस माझ्या शेजारी इतका निवांत बसतोय, म्हणजे मी बरी चालवत असणार."

 निवांत मास्तर कधीच नव्हते. हँडब्रेकवरच्या हाताला रोज घाम सुटायचा. पण हे सांगण्यात आता काही हशील नव्हतं. ते डॉक्टरीणबाईंकडे वळले आणि त्यांनी तोच जुना प्रश्न विचारला, या खेपेला सरळ. त्या सीटवर, त्या ब्रेकवर पाय ठेवून मी बसू शकेन का?

"नाही, मास्तर," त्या म्हणाल्या. "खऱ्या यंत्राने फरक पडला तरी नाही. झटका कधी येईल ते कुणीच सांगू शकणार नाही. माझ्या मुलीला मी त्या ब्रेकशेजारी बसवणार नाही." मग म्हणाल्या, "पण मला तुम्ही ब्रेकने कुठे शिकवलंत? तुमचा आवाज मला अजून चढावर ऐकू येतो."

परत येताना मास्तरीणबाईंनी पाट्या वाचल्या नाहीत. घराजवळच्या चौकात सिग्नल लागला तेव्हा मास्तर म्हणाले, "शिकवणाऱ्याचा परवाना काढायला तुला किती वेळ लागेल, बघायला पाहिजे."

"आणि तुम्ही कुठे बसणार?"

"मागे."

"मागून बोलाल फार."

"बोलेन. तेवढंच तर राहिलंय."

परवाना मिळायला सरकारी कासवाच्या गतीने वेळ लागला. तोवर मास्तरीणबाई आणि मास्तर घरातल्या दोन खुर्च्या पुढे-मागे मांडून सराव करत, आणि तिसरी खुर्ची शिकणाऱ्याची म्हणून तिच्यावर मेहुण्याला बसवत. खऱ्या यंत्राच्या खेपाही मास्तर घेत होते. काही आठवडे पाय मऊ पडे, पुन्हा हळूहळू हट्टाला पेटे. त्याचं त्यांना आता वाईट वाटेनासं झालं होतं, किंवा वाटायचं ते जेवणापर्यंत टिकत नसे. मेकॅनिकने तार जोडून दिली आणि शपथ मोडल्याबद्दल मजुरी घेतली नाही.

नव्याने स्कूल उघडलं तेव्हा पहिल्याच दिवशी एक फूलवाला आला. अंगाने दांडगा, स्टिअरिंग धरलं की ते बशीएवढं दिसे, आणि भित्रा इतका की समोरून सायकल आली तरी डोळे मिटायचा. मास्तरीणबाई शेजारी, पाय ब्रेकवर. मास्तर मागच्या सीटवर आडवे-तिडवे, उजवा पाय लांबवून.

बाजाराच्या रस्त्याला गाडी लागली. मास्तर मागून लांबवून म्हणाले, सा-व-का-श. फूलवाल्याने क्लच हळू सोडला. दुसरा गिअर पडला, नीट पडला. फूलवाल्याच्या तोंडावर हसू आलं आणि तेवढ्यात मास्तरांच्या मांडीत ती ओळखीची कळ उठली. पाय काठीसारखा ताठ झाला आणि पुढच्या सीटच्या पाठीवर धाडकन आदळला.

मास्तरीणबाई थोड्या पुढे ढकलल्या गेल्या. मागे न बघता त्यांनी विचारलं, "अहो, बरं आहे ना?"

"बरं आहे," मास्तर म्हणाले. "त्याला तिसरा टाकायला सांग."

फूलवाल्याला काहीच कळलं नव्हतं. त्याने तिसरा टाकला, आणि गाडी न थांबता पुढे गेली.